गाडीत का बसत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. म्हणजे तुम्ही एकट्यानेच नाही, ऑफिसात विचारतात, सोसायटीत विचारतात, आणि आमचा साडू तर प्रत्येक लग्नात न चुकता विचारतो की अरे डोंबिवलीहून उठून पार हरियाणात रेवाडीला जातोस, दोन रात्री गाडीत काढतोस, एका कोळशाच्या इंजिनासाठी, आणि मग त्या इंजिनाच्या गाडीत बसत पण नाहीस? मग जातोस कशाला?

प्रश्न बरोबर आहे. पहिल्या वेळी मी बसलो होतो ना.

दिल्ली कॅंट ते रेवाडी, साधारण सत्तरएक किलोमीटर, पुढे डब्ल्यूपी 7161, नाव अकबर. रेलफॅन लोक हे नाव घेताना आवाज जरा खाली आणतात. डब्ल्यूपी म्हणजे ब्रॉडगेजवर मेल-एक्सप्रेस ओढणारी इंजिनं, पहिली सोळा 1947 साली अमेरिकेतून आली, आपल्याकडच्या राखेनं भरलेल्या हलक्या कोळशावर चालतील अशी मुद्दाम बनवलेली, आणि पुढचं तोंड बंदुकीच्या गोळीसारखं गोल. तर मी तिकीट काढून ऐटीत बसलो आणि बघतो तर डबा एसी, काचा बंद. आवाज नाही, वास नाही, धूर पण नाही. समोसा आला, चहा आला. एका फाटकाशी गाडी हळू झाली तर पलीकडे बाइकवाले, शाळेतली पोरं, डोक्यावर भारा घेतलेल्या बायका, सगळे तोंड उघडं टाकून इंजिनाकडे बघतायत आणि मी तिकिटाचे पैसे भरून त्यांची तोंडं बघतोय. इंजिन बघायचं असेल तर त्याच्या मागे बसून दिसणार काय? बैलगाडीत बसलेल्याला बैलाची शेपटी तरी दिसते.

पुढच्या वेळी मी गाडी सोडली आणि शेडमध्ये गेलो. रेवाडीची शेड 1893 सालची, आता तिथे म्युझियम पण आहे. आणि इथे मला ते कळलं जे साडूला दहा लग्नांत सांगता आलं नाही.

आपण मुंबईकर लहानपणी वाफेचं इंजिन बघतो ते वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरच्या आवारात. थंड. त्यावर चढायचं, फोटो काढायचा, वडापाव खायचा. गंमत बघा, देशातली पहिली पॅसेंजर गाडी 16 एप्रिल 1853 ला आपल्या बोरीबंदरहून ठाण्याला गेली, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं लावून, आणि 3 फेब्रुवारी 1925 ला विजेची पहिली गाडी पण आपल्याच व्हीटीहून कुर्ल्याला गेली. 1930 पर्यंत पुणे आणि इगतपुरीपर्यंत तारा लागल्या होत्या. त्यामुळे माझ्या आजोबांना पण लोकलचा धूर आठवायचा नाही. (लोकांना वाटतं आजोबा ड्रायव्हर असतील. नव्हते. पोस्टात होते.)

तर शेड. पहाटे पोचलो, हात खिशातून काढवत नाही अशी थंडी, आणि इंजिन आदल्या दिवसापासून पेटवलेलं. हे लोकांना माहीतच नसतं, की सकाळी नऊला निघायचं तर आदल्या दिवशीच लाकडं आणि तेलात भिजवलेल्या चिंध्या टाकून भट्टी पेटवावी लागते आणि मग हळूहळू कोळसा. घाई केली तर बॉयलरचा एक भाग आधी तापतो, फुगतो, दुसरा थंडच, आणि जोड सैल होतात. तिथले एक वयस्कर फिटर मला म्हणाले, "लोहा है, आराम से गरम होगा." मी विचारलं किती वेळ, तर नुसता वाफेच्या दाबाचा काटा दाखवला. दोनशे दहा पौंडापर्यंत जायचा तो काटा तेव्हा निम्म्यावर पण नव्हता. मग आम्ही दोघं तासभर काट्याकडे बघत उभे, मध्ये एकदा त्यांनी बॉयलरमधलं पाणी किती ते दाखवणारी काच तपासली, पाणी भट्टीच्या माथ्याखाली गेलं तर खेळ खलास म्हणून. तो तासभर आम्ही फार काही बोललो नाही आणि मला कंटाळा अजिबात आला नाही, हे बायकोला अजून पटत नाही.

निघताना आधी खालून दोन्ही बाजूंनी फस्सकन पांढरी वाफ सुटते, ती शोसाठी नसते हां. रात्रभर थंड झालेल्या सिलिंडरमध्ये वाफेचं पाणी होतं, आणि पाणी दाबलं जात नाही, ते तसंच राहिलं तर सिलिंडर फुटेल, म्हणून खालचे कॉक उघडे ठेवून ते काढून टाकतात. मग पहिला भक. थांबतं. दुसरा भक. चाकाच्या एका फेरीत चार. सुरुवातीला बोटांवर मोजता येतात, साठच्या स्पीडला सेकंदाला बारा होतात, मग मोजायचं सोडून द्यायचं. आणि हा भक म्हणजे वापरून झालेली वाफ चिमणीतून वर जाताना भट्टीतली हवा ओढते, आग फुलवते, म्हणजे इंजिन जितकं दमतं तितकी आग जास्त. हे ज्यानं पहिल्यांदा जमवलं त्याचे पाय धरावेत. आजची लोकल काय करते ते आत पेटीत असतं, आपल्याला कळत नाही. इथे सगळं उघड्यावर, दांडे, चाकं, घाम गाळणारा फायरमन.

आमच्यातले फोटोवाले ओरडतात, "काळा धूर काढा, काळा धूर!" मला ते आवडत नाही. काळा धूर म्हणजे न जळलेला कोळसा, चांगल्या फायरमनला त्याची लाज वाटते. पण फोटोला छान दिसतो हे पण खरं, माझ्या मोबाइलवर पण तोच वॉलपेपर आहे.

मग टॅक्सी करून गाडीच्या मागे. ड्रायव्हर आधी तुमच्यासारखंच विचारत होता की साहेब, तिकीट मिळालं नाही का. दुसऱ्या फाटकापर्यंत तोच हॉर्न देत ट्रॅक्टरवाल्यांना शिव्या घालत होता. तिसऱ्या ठिकाणी शेताच्या बांधावर मी रेकॉर्डर लावून श्वास धरून उभा, लांबून शिट्टी, मग जमीन थरथरते ती बुटातून कळते, आणि नेमकी गाडी समोर आली तेव्हा हा मागून किंचाळला, "आ गई आ गई आ गई!" ते रेकॉर्डिंग तसंच ठेवलंय. आठ बावन्नच्या फास्टमध्ये ठाण्यापर्यंत रोज एकदा ऐकतो, आता त्या किंचाळण्याशिवाय ते अपुरं वाटतं.

या हिवाळ्यात साडू पण येतोय. पण म्हणाला, मी आपला गाडीतच बसणार, एसी आहे ना. बस बाबा. समोसा चांगला असतो.