तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या जुन्या पिकअपच्या केबिनमधला रंग सुटत कसा नाही?

नाशिक जिल्ह्यातल्या पिंपळगाव बसवंतच्या मार्केटला शेतमालाची गाडी लावली की लिलाव आपल्यापर्यंत येईतो वेळच वेळ असतो. शेजारच्या गाडीतलं कुणीतरी सावलीला टेकायला येतं, दार उघडून आत बसतं आणि डॅशबोर्डवरून हात फिरवतं. मग तोच प्रश्न. "गाडी पंच्याण्णवची ना? आम्ही आतून रंग दिला तो वर्षाच्या आत सुटला. तुम्ही कुठला मारलाय?"

रंगाचं नाव मी सांगतो. पण नुसतं नाव घेऊन गेलेल्या दोघांचा रंग पुन्हा सुटला, आणि ते ऐकून मला फार वाईट वाटलं. त्यांचे पैसे गेले, आठवडा गेला, आणि गाडी आधीपेक्षा वाईट दिसायला लागली. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतो.

गाडी टाटामोबाइल २०६. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, ही पिकअप १९८८ मध्ये आणली. पुढे टाटाच्या सिएरा आणि इस्टेट या गाड्या याच गाडीच्या पायावर उभ्या राहिल्या. आमची १९९५ची, नानांनी म्हणजे वडिलांनी २००२ साली जुनी घेतलेली. द्राक्षं, टोमॅटोचे कॅरेट, खताच्या गोण्या, औषधांचे डबे, सगळं तिने ओढलं. पाऊस आला की मोरचुदाची, म्हणजे फवारणीच्या निळ्या कॉपर सल्फेटची, पोती मागून काढून केबिनमध्ये, पायाशी ठेवायची. भिजलेलं मोरचूद परवडत नाही.

हंगामात दिवसाचे पाच-सहा तास मी त्या केबिनमध्ये असतो. बाहेरचा रंग रस्त्यावरचे लोक बघतात, आतला माझ्याच डोळ्यांसमोर असतो. हात लावला की पांढरी पूड लागते, दाराच्या पॅडला हिरवट-निळे डाग, काच फिरवायच्या हँडलभोवती चीर. अशा जागेत रोज बसणं मला नकोसं झालं होतं. "जुन्या गाडीवर एवढा खर्च कशाला?" असं विचारणाऱ्यांनाही माझं हेच उत्तर आहे.

पहिल्यांदा आम्ही २०१२ साली रंग दिला होता. पेंटर हाताचा चांगला, बाहेरचं काम त्याने अजून टिकेल असं केलं. आतलाही रंग दिवाळीत झाला तेव्हा झकास दिसत होता. होळीच्या सुमारास ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाचा एक कोपरा उचकटलेला दिसला. मी नखाने ओढला तर तळहाताएवढा पापुद्रा अलगद हातात आला, उकळत्या पाण्यातून काढलेल्या टोमॅटोची साल निघावी तसा. तो उलटा करून उन्हात धरला. प्लास्टिकवरचा सगळा बारीक दाणा, म्हणजे त्याचा खरखरीत पोत, त्याच्या मागच्या बाजूला जसाच्या तसा उमटला होता. खाली प्लास्टिक स्वच्छ, किंचित चकाकतं. एक कणही रंग त्याला धरून नव्हता. तेव्हा माझ्या लक्षात आलं की रंग सुटला असं म्हणणंच चूक. तो कधी धरलाच नव्हता. चादर अंथरावी तसा नुसता पसरला होता.

मध्ये काय होतं? नानांची माया होती. ते रोज सकाळी डिझेलचा बोळा डॅशबोर्डवरून फिरवायचे, लक्ष्मीपूजनाला खोबरेल तेल. नंतर मी चकाकीची पॉलिश आणायला लागलो, तिच्यात सिलिकॉन असतं. दहा वर्षांचं तेल आणि सिलिकॉन त्या दाण्यात मुरलेलं. पेंटरने वरून फडकं मारलं, पॉलिश पेपर घासला आणि रंगाची गन चालवली. त्यात पेंटरचा एकट्याचा दोष काढण्यात अर्थ नाही, आम्हीही काही सांगितलं नव्हतं. पण क्रम उलटा झाला. आधी घासलं की वरचं सिलिकॉन ओरखड्यात जाऊन बसतं. मग धुतलं तरी निघत नाही.

दुसऱ्यांदा काम केलं ते २०२१ साली, द्राक्षबागेची एप्रिलची खरडछाटणी उरकल्यावर. आपल्याकडे हाच काळ योग्य. हवा कोरडी असते आणि बाग आठ दिवस सोडता येते. जूनमध्ये हा उद्योग करू नका. हवेत ओल असली की लॅकर, म्हणजे थिनर उडून वाळणारा रंग, वाळताना तीच ओल पृष्ठावर धरतो आणि रंग पांढरट, धुरकट पडतो.

भाग सोडवायच्या आधी गाडी अर्धा तास उन्हात ठेवली, काचा लावून. जुनं प्लास्टिक थंड असताना काचेसारखं तुटतं, तापलं की जरा नमतं. तरी दोन लॉक तुटलेच. स्क्रू ठेवायला द्राक्षाचे अर्ध्या किलोचे पनेट, म्हणजे प्लास्टिकचे छोटे डबे, घेतले आणि प्रत्येकावर कुठले ते लिहिलं: डावं दार, उजवं दार, स्टिअरिंगखालचं कव्हर. पायाजवळचे स्क्रू बाहेर काढले तर गंजलेल्या डोक्यांवर तांब्याचा लालसर मुलामा. बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं फवारणीचं मिश्रण, करताना आपण लोखंडी भांडं वापरत नाही, कारण मोरचूद लोखंडाला खातं आणि तांबं त्याच्यावर चढवतं. तेच इथे वीस वर्षं गुपचूप चाललं होतं. ते सगळे स्क्रू बदलले. जुन्यांपैकी एक मी ठेवलाय. कुणी केबिनमध्ये मोरचूद ठेवताना दिसलं की दाखवतो. डॅशबोर्डचा मुख्य भाग मात्र सोडवला नाही. त्याच्यामागची वायरिंग इतकी जुनी आहे की हात लावला तर वेगळंच काम निघेल. तो जागेवरच झाकझूक करून रंगवला.

आता धुणं. आठ दिवसांतले तीन दिवस मी फक्त धूत होतो, आणि तुम्हाला एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. भांड्यांचा पातळ साबण, कोमट पाणी, जुना टूथब्रश. दाण्यात बागेवर मारायच्या गंधकाची पिवळी पूड बसली होती, ती ब्रशशिवाय निघत नाही. पहिल्या पाण्याला काळं, मग पिवळट, मग राखाडी. वाळल्यावर आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, पांढऱ्या सुती फडक्यावर घेऊन पुसायचं. एका फडक्याने ओलं पुसायचं, दुसऱ्या कोरड्याने लगेच उचलायचं. तेच फडकं परत परत फिरवलं तर तेल जागा बदलतं, जात नाही. मग पुन्हा साबण.

झालं की नाही हे पाणी सांगतं. भागावर स्वच्छ पाणी ओता आणि तिरपा धरा. पाण्याचे मणी होऊन ते घरंगळलं तर तेल अजून आहे. पाणी सलग पातळ पडद्यासारखं पसरून थोडा वेळ टिकलं तर प्लास्टिक मोकळं झालं. माझं ग्लोव्ह बॉक्सचं झाकण, नानांचा बोळा ज्याच्यावरून सर्वांत जास्त फिरला ते, पाचव्या धुण्याला या परीक्षेत उतरलं.

दुसरी गोष्ट, प्लास्टिक कुठलं आहे ते ओळखा. नव्या भागांच्या मागे एबीएस किंवा पीपी (पॉलिप्रॉपिलीन) अशी प्लास्टिकच्या जातीची अक्षरं कोरलेली असतात, जुन्यांवर बऱ्याचदा काहीच नसतं. त्यात जुन्या गाडीतले मूळ भाग किती नि कुर्ल्याच्या भंगारातून आलेले किती, कुणी सांगावं. मागच्या बाजूने ब्लेडने एक कपची काढायची आणि पेल्याभर पाण्यात टाकून बोटाने बुडवून सोडायची. वर आली तर बहुधा पीपी, ते पाण्यापेक्षा हलकं असतं. बुडाली तर बहुधा एबीएस. बहुधा म्हणतो, कारण पीपीमध्ये शंखजिऱ्याची पूड मिसळलेली असली तर तेही बुडतं. मग न दिसणाऱ्या जागी थिनरचा एक थेंब बोटाने चोळा. एबीएस चिकट होतं, पीपीला काही होत नाही. माझ्याकडे स्टिअरिंगखालचं कव्हर एबीएस निघालं, दाराचे खिसे पीपी.

हा फरक एवढा महत्त्वाचा का? पीपीला मुळात काहीच चिकटत नाही. साधा प्रायमर मारलात तर तो आज ना उद्या सुटणार, कितीही धुवा. त्याला वेगळं अस्तर लागतं, बंपर रंगवणारे त्याला पीपी प्रायमर म्हणतात. पाण्यासारखं दिसतं, मारलंय की नाही हेही नीट कळत नाही, म्हणून माणूस दुसरा हात मारतो. मारू नका. एकच पातळ हात, आणि डब्यावर लिहिलेल्या वेळेच्या आत वरचा रंग. नुसतं नाव घेऊन गेलेल्या त्या दोघांपैकी एकाचं इथेच चुकलं होतं. अस्तर संध्याकाळी मारलं आणि रंग दुसऱ्या दिवशी दुपारी.

चिरांचंही प्लास्टिकवरच ठरतं. एबीएसची चीर भरायला त्याच जातीच्या प्लास्टिकचा चुरा ॲसिटोनमध्ये विरघळवून दाट खळ करायची आणि मागून भरायची. ॲसिटोन उडालं की दोन्ही एकजीव होतात. ऊन एबीएसमधल्या रबराला खातं, म्हणून उन्हाकडच्या कडाच आधी तडकतात. पीपी ॲसिटोनमध्ये विरघळत नाही, ते तापवूनच जोडावं लागतं. आपल्याकडे कॅरेट जोडणारे लोक आहेत, मीही दाराचा खिसा एकाकडे नेला. त्याने फुटक्या कॅरेटची पट्टी वितळवून घातली आणि ती आठवड्यात निखळली. कॅरेट बहुतेक एचडीपीई या वेगळ्या जातीच्या प्लास्टिकचे असतात आणि ते पीपीशी एकजीव होत नाही. मग त्याच खिशाच्या आतल्या, न दिसणाऱ्या कडेची चिंचोळी पट्टी कापून दिली, ती मात्र धरली.

एवढं झाल्यावर घासायचं. भांड्यांची हिरवी घासणी नको, तिचे ओरखडे रंगातूनही दिसतात. बॉडी शॉपवाल्यांकडे राखाडी घासणी मिळते ती घ्या. दाण्याचे फक्त माथे मंद व्हायला हवेत, दाणा मोडायला नको. मग परत साबण, परत आयपीए, आणि त्यानंतर उघडा हात लावायचा नाही.

रंग कुठला, हे अखेर सांगतो. ॲशट्रेचं झाकण जिथे चौकटीखाली जातं तिथे दीड बोटाची पट्टी उन्हापासून वाचली होती, अगदी मूळ करडी. ते झाकणच दुकानात नेलं आणि त्यावरून ॲक्रिलिक लॅकर जुळवून घेतला, मॅट. चकाकी मागू नका, हे मी कळकळीने सांगतो. सायंकाळी पश्चिमेकडे तोंड करून ओझरकडून घरी येताना चकाकत्या डॅशबोर्डचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडतं आणि पुढचा सायकलवाला दिसत नाही. हे मी पहिल्या रंगाच्या वेळी अनुभवलंय.

हार्डनर घालायचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग जास्त कणखर असतो, पण त्याच्या फवाऱ्यात आयसोसायनेट हे फुप्फुसांना घातक रसायन असतं. फवारणीला आपण तोंडाला रुमाल बांधून जातो, ती सवय इथे नडेल. साध्या मास्कने भागत नाही, बाहेरची हवा पुरवणारा मास्क लागतो. तो नसेल तर ते काम ज्याच्याकडे सोय आहे त्यालाच द्या. लॅकरलाही वाफ अडवणारं फिल्टर असलेला मास्क हवाच, आणि जागा मोकळी.

गन वीतभर लांब धरून तीन पातळ हात, मध्ये दहा-दहा मिनिटं. पहिल्या हाताला खालचं प्लास्टिक दिसत राहतं, जीव घाबरतो, दाट मारावंसं वाटतं. थांबा. दाट मारलं की दाणा भरून निघतो आणि प्लास्टिक ऑइलपेंट दिलेल्या दारासारखं दिसतं. तासाभरात हाताला लागत नाही म्हणून लगेच बसवू नका; मी पूर्ण आठवडा माळ्यावर वाळू दिलं. स्टिअरिंगची रिंग, पेडल, सीटबेल्ट यांना रंग लावू नये. तुमची पिकअप नवी असेल तर एअरबॅगच्या झाकणालाही नाही, ते ठरलेल्या जागी फाटायचं असतं.

तेव्हापासून केबिनमध्ये पॉलिश नाही, डिझेल नाही. नाना काही दिवस बोळा शोधत होते. त्यांना ओलं फडकं दिलं, आता रोज तेच फिरवतात आणि पाण्याचा पडदा कसा पसरतो ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात. रंग एकाच जागी गेलाय, चालकाच्या दारावर, काच फिरवताना माझी अंगठी जिथे घासते तिथे. खाली दुधी प्लास्टिक दिसतं, पण कडा घट्ट आहे, नख घातलं तरी उचलत नाही.

जुळवलेल्या करड्याचा पाव लिटर अजून माझ्याकडे आहे. तुमची २०६ असेल तर ॲशट्रेचं झाकण घेऊन या, ताडून बघू. फक्त येण्याआधी ते धुऊन आणा.