सेकंड हँड डिझेल गाडी: इंजिन थंड असतानाच बघायला जा

विकणाऱ्याला फोन करताना एकच अट घाला. "सकाळी येतो, पण मी पोचेपर्यंत गाडीला सेल मारू नका." तिथे गेल्यावर रंग, सीट, टेप काही बघायच्या आधी बोनेट उघडायला सांगा आणि इंजिनच्या कव्हरखाली हात घालून बघा. कोमट लागलं तर त्या दिवशी गाडी बघण्यात अर्थ नाही, दुसरा दिवस ठरवा. गरम झालेलं डिझेल इंजिन आपले बरेचसे दोष झाकतं. कमी झालेलं कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाणं), जळालेले ग्लो प्लग (थंड सिलिंडर तापवणारे हीटर), गळके इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे), सैल पडलेली टायमिंग चेन (व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवणारी साखळी), हे सगळं रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात कळतं.

इथे उदाहरण घेतलंय ते १.३ लिटरच्या, म्हणजे १२४८ सीसीच्या फियाट मल्टिजेट इंजिनचं. आपल्या बाजारात आठ-दहा वर्षांची घरगुती डिझेल गाडी शोधायला निघालात, तर फिरून फिरून याच इंजिनापाशी याल. मारुतीने ते डीडीआयएस नावाने स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, एर्टिगा, सियाझ, ब्रेझामध्ये घातलं. टाटाने क्वाड्राजेट म्हणून व्हिस्टा, मान्झा, झेस्टमध्ये. फियाटने पुंटो आणि लिनियामध्ये. आपल्या पुण्याजवळच्या रांजणगावलाही ते बनायचं. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे प्रदूषणाचे कडक नियम आले, मारुतीने डिझेल बंद केलं आणि हे इंजिनही त्यांच्या गाड्यांतून गेलं. पण पार्ट अजून सहज मिळतात आणि गावोगावच्या मेस्त्रींना ते पाठ आहे. जुनी गाडी घेताना ही गोष्ट लहान नाही.

घेण्याआधी आपलं रनिंग मात्र प्रामाणिकपणे मोजा. डिझेल ९० रुपये, पेट्रोल १०४ रुपये धरा. गावात-हायवेवर मिळून डिझेल गाडी लिटरला १८ आणि पेट्रोल गाडी १४ किलोमीटर देते असं धरलं, तर किलोमीटरमागे साधारण अडीच रुपये वाचतात. वर्षाला १५,००० किलोमीटर फिरणाऱ्याचे ३६,००० रुपये सुटतात. ६,००० फिरणाऱ्याचे सुटतात साडेचौदा हजार, आणि तेवढे एका इंजेक्टरच्या दुखण्यात जाऊ शकतात. रोज चार किलोमीटरवरच्या ऑफिसला जाण्यासाठी डिझेल घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. इंजिन नीट तापायच्या आत बंद होत राहिलं की ईजीआरमध्ये (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) काजळी साचते. २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत तर डीपीएफही (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) चोंदतो.

आता सेल मारा. किल्ली फिरवून ग्लो प्लगचा पिवळा दिवा विझू द्या, मगच. निरोगी इंजिन दोन-तीन फेऱ्यांत पकडतं. खूप वेळ सेल मारावा लागला तर ग्लो प्लग, बॅटरी, डिझेलमध्ये शिरणारी हवा किंवा उतरलेलं कॉम्प्रेशन, यांपैकी काहीतरी आहे. त्याच वेळी एकाला इंजिनच्या पट्ट्याच्या बाजूला कान देऊन उभं करा. चालू झाल्यावर क्षण-दोन क्षण साखळी हलल्यासारखी खळखळ झाली आणि थांबली, तर चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलचं प्रेशर येईपर्यंत सैल होता एवढंच. खळखळ चालूच राहिली, तर चेन ताणलेली आहे. "या इंजिनला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, बदलावीच लागत नाही" हे वाक्य विकणारे फार म्हणतात. वेळेवर ऑइल बदललं तरच ते खरं. टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर चालतो. ऑइल जुनं झालं, पातळी खाली गेली की चेन आधी झिजते. चेनने दात सोडला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन भिडतात, रॉकर मोडतात आणि इंजिन उघडावं लागतं.

धूर बघा. थंडीत पहिले काही क्षण थोडा पांढरा धूर चालतो. तापल्यावरही पांढरा आणि डोळ्याला झोंबणारा राहिला तर डिझेल नीट जळत नाहीये. गोडसर वास आणि कूलंट कमी होणं म्हणजे हेड गॅस्केटचा संशय. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, टर्बोच्या (धुराच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) सीलमधून किंवा पिस्टनच्या रिंगमधून. जोरात अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर काळा भपकारा आला तर ईजीआर, चोंदलेला एअर फिल्टर, फाटलेला इंटरकूलरचा पाइप किंवा इंजेक्टर.

मग इंजिन चालू ठेवूनच ऑइलचं झाकण फिरवून सैल करा आणि उचलून तिथेच उलटं ठेवा. थरथरत जागेवर राहिलं तर ठीक. उडी मारून पडायला लागलं आणि भोकातून चहाच्या किटलीसारखी एका लयीत वाफ येत राहिली, तर पिस्टनच्या रिंगमधून गॅस खाली उतरतोय. असलं इंजिन कितीही स्वस्तात मिळालं तरी सोडून द्या. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट फिरवा: काळं पातळ ऑइल लागणं डिझेलमध्ये साहजिक आहे, नवं ऑइलही शे-दोनशे किलोमीटरमध्ये काळं होतं. पण बोटाला डांबरासारखा घट्ट थर आला तर या गाडीला ऑइल वेळेवर मिळालेलं नाही, सर्व्हिस बुकात काहीही लिहिलेलं असो.

इंजेक्टरच्या बुडाशी काळा, टणक कोळसा दिसला आणि "चफ चफ" असा आवाज आला, तर खालचा तांब्याचा वॉशर गेलेला आहे. वॉशर काही रुपयांचा असतो. पण तसंच चालवत राहिलं तर इंजेक्टर कार्बनमध्ये रुतून बसतो आणि काढताना हेडचं नुकसान होतं.

व्यवहार पुढे सरकत असेल तर डिझेल इंजिनचे पंप-इंजेक्टर दुरुस्त करणाऱ्याकडे रिटर्न टेस्ट करून घ्या. चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडतात आणि इंजिन काही मिनिटं चालवतात. चारही बाटल्यांत जवळपास सारखं डिझेल जमलं पाहिजे. तीन बाटल्या बोटभर भरल्या आणि चौथी अर्धी झाली, तर तो इंजेक्टर आतून गळतोय. असं झालं की रेलला (चारही इंजेक्टरना डिझेल पुरवणारी नळी) प्रेशर मिळत नाही आणि गाडी गरम असताना चालू व्हायला त्रास देते. सोबत गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर लावून बघा. पी ००८७ कोड म्हणजे रेल प्रेशर कमी, पी ०४०१ म्हणजे ईजीआरचा प्रवाह कमी, पी ०२९९ म्हणजे टर्बोचं प्रेशर कमी. कोडची यादी अगदी कोरी असेल तर आदल्या दिवशी कोणीतरी पुसली असण्याचीही शक्यता असते. म्हणून २०-२५ किलोमीटर चालवून पुन्हा स्कॅन करा.

त्या चालवण्यात एक चढ असू द्या. तिसऱ्या गिअरमध्ये १,५०० आरपीएमवरून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर द्या. २,००० च्या आसपास टर्बोची ओढ स्पष्ट जाणवली पाहिजे. आरपीएम चढतात पण वेग चढत नाही, असं झालं तर क्लच प्लेट संपली आहे. ७५ पीएसच्या डीडीआयएस १९० मध्ये साधा टर्बो आहे, तो दणकट. सियाझ, एर्टिगा, ब्रेझामधल्या ९० पीएसच्या डीडीआयएस २०० मध्ये आतल्या पाती हलणारा व्हीजीटी आहे. काजळीने पाती अडकल्या की ओढ अचानक जाते आणि गाडी लिम्प मोडमध्ये पडते, म्हणजे इंजिन बचावासाठी कमी ताकदीवरच चालतं. एसएचव्हीएस (मारुतीची छोटी हायब्रिड सिस्टिम) लिहिलेली गाडी असेल तर बॅटरी कुठली बसवली आहे ते बघा. तिला स्टार्ट-स्टॉपसाठीची बॅटरी लागते, साधी तग धरत नाही.

पुराची गाडी ओळखणं आपल्याकडे शिकायलाच हवं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरला, जुलै २०२१ मध्ये चिपळूणला कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. धुऊन-पुसून चकचकीत केलेल्या गाडीत गाळ कुठे राहतो? पुढचा सीट बेल्ट शेवटपर्यंत, अडेपर्यंत ओढा. रोज न लागणाऱ्या त्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट डाग किंवा आडवी रेघ दिसली, तर पाणी तिथवर चढलं होतं. सीटच्या रेलचे बोल्ट गंजलेत का, कार्पेटखालचा फोम ओलसर लागतो का, डिकीतल्या स्टेपनीच्या खड्ड्यात वाळू आहे का, फ्यूज बॉक्सच्या पिनांवर हिरवट बुरशी आहे का, हेही बघा. पुराच्या पाण्यातून निघालेली गाडी इंजिन बांधून चालू करता येते, पण वायरिंगचं दुखणं पुढे वर्षानुवर्षं चालतं.

कागदपत्रांत आरसीवरचा चासी आणि इंजिन नंबर गाडीवर प्रत्यक्ष जुळवा. एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर मालक कितवा, कर्ज आहे का, विमा कुठवर, हे दिसतं. ई-चलन थकलेली असतील तर ती विकणाऱ्याकडून भरून घ्या. ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेच्या एनओसीसोबत फॉर्म ३५, दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म २८. विमा आपल्या नावावर करायचा अर्ज १४ दिवसांत द्यायचा. नो क्लेम बोनस मात्र आधीच्या मालकाकडेच राहतो. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी (उच्च सुरक्षा) नंबर प्लेट बसलेली असावी. दिल्ली पासिंगची डिझेल गाडी स्वस्त दिसते, कारण तिथे दहा वर्षांवरच्या डिझेलवर निर्बंध आले. पण एनओसी आणून इथे नव्याने पासिंग आणि रोड टॅक्स भरल्यावर ती स्वस्ताई बरीचशी आटते, तेव्हा आधी हिशेब करा.

गाडी घरी आली की आधीच्या मालकाने काय सांगितलं त्यावर न जाता ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर चारही बदला आणि पुढचा हिशेब त्या दिवसापासून धरा.

ऑइलचं थोडं सविस्तर सांगतो, कारण या इंजिनचं आयुष्य त्यावरच आहे. त्यात बसतं जेमतेम ३ लिटर. एवढ्याशा ऑइलवर टर्बो, चेन, टेन्शनर सगळं चालतं, म्हणून अर्धा लिटर कमी झालेलंही त्याला सोसत नाही. ग्रेड ५डब्ल्यू-३०, डिझेलसाठीचं सिंथेटिक. १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. गाडी शहराच्या ट्रॅफिकमध्येच फिरत असेल तर ७,५०० ला बदललेलं बरं. इंजिन गरम करून, सपाट जागी, ऑइल काढायचा खालचा नट काढून दहा मिनिटं पूर्ण निथळू द्या. नटाचा वॉशर नवा. या इंजिनात फिल्टर डब्यासारखा नसतो, कागदी काडतूस झाकणाच्या आत बसतं. त्यासोबत येणारी रबरी ओ-रिंगही बदलून घ्या, नाहीतर तिथून झिरपतं. आधी पावणेतीन लिटर भरा, मिनिटभर चालवून बंद करा, पाच मिनिटांनी डिपस्टिक बघून बाकीचं थोडं थोडं घाला. गॅरेजमध्ये साडेतीन लिटरचा कॅन सगळा रिकामा करतात, तो करू देऊ नका. जास्तीचं ऑइल ब्रीदरच्या नळीतून इंटेकमध्ये (इंजिनात हवा घेणारा मार्ग) जातं आणि ईजीआरच्या काजळीत मिसळून त्याचा चिखल होतो. दर १,००० किलोमीटरला डिपस्टिक बघायची सवय लावा.

डिझेल फिल्टर २०,००० किलोमीटरला बदला. पावसाळ्यात मधे एकदा फिल्टरच्या खालचा स्क्रू सोडून काचेच्या बाटलीत पेलाभर डिझेल घ्या आणि बाटली पाच मिनिटं उन्हात ठेवा. तळाशी पाण्याचा वेगळा थर किंवा थेंब दिसले तर पाणी संपेपर्यंत काढा, आणि यापुढे डिझेल दुसऱ्या पेट्रोल पंपावर भरा. रेलला डिझेल दाबून देणारा इंजिनचा पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो. पाणी गेलं की पंप आतून खरवडतो आणि त्याचा चुरा रेलमधून चारही इंजेक्टरपर्यंत पोचतो.

ईजीआर ४०-५० हजारांना काढून कार्बन क्लीनरने साफ करून घ्या. साफ करताना काजळी इंटेकमध्ये पडू देऊ नका, आणि बसवताना गॅस्केट नवं. ईजीआर कायमचा बंद करून देतो म्हणणारे भेटतील. त्याने धुराचं प्रदूषण वाढतं आणि चेक इंजिनचा दिवा लागतो, म्हणून ते नको.

कूलंटमध्ये बोअरचं पाणी कधीही घालू नका, क्षार साचून रेडिएटर चोंदतो. घाट चढून आल्यावर किंवा हायवेवरून थेट ढाब्यावर वळल्यावर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर तसंच चालू द्या. टर्बोचा शाफ्ट तोवर तापलेला असतो, आणि ऑइल एकदम थांबलं की बेअरिंगमध्ये ते जळून चिकटतं.

पंपावर चुकून पेट्रोल भरलं गेलं तर किल्ली फिरवूसुद्धा नका. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून ढकलत बाजूला घ्या आणि टाकी रिकामी करून घ्या. तेवढ्यावर निभावतं. एकदा इंजिन चालू केलं की पंप, रेल, इंजेक्टर सगळं उघडावं लागू शकतं.