'च'भोवती लाल गोल

परीक्षा ११ दिवसांवर आली होती. विद्यापीठातल्या आमच्या विवेकी विचारांच्या गटात मी मुलांना तीन रकाने आखायला लावले: घटना, समजूत, परिणाम. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये सुरू केलेल्या, त्रासामागची समजूत तपासणाऱ्या उपचारपद्धतीचा हा श्रीगणेशा. मुलं घटना लिहितात, परिणामही लिहितात; मधला रकाना कोराच राहतो.

शेवटच्या बाकावरच्या एकाचा कागद मधल्या रकान्यात खोडून खोडून विरला होता. डावीकडे 'तोंडी परीक्षा', उजवीकडे 'झोप नाही, धडधड'. मध्ये अखेर त्याने लिहिलं, 'मला सगळं आलंच पाहिजे. अडखळलो तर संपलंच.' मी लाल पेन दिलं. दोन्ही 'च'भोवती त्याने गोल काढले.

मग माझी नेहमीची उलटतपासणी. आलंच पाहिजे, असा नियम कुठे आहे? अडखळलेले सगळे नापास होतात का? त्याने शहाण्यासारखी उत्तरं दिली आणि म्हणाला, "मॅडम, पटतंय सगळं. पण हा 'च' काढला तर मी पुस्तक उघडेन का? आजवर त्याच्याच जोरावर शिकलोय."

वर्ग हसला. काळजी अभ्यासाला बसवते, धास्ती उठवते, हे पुस्तकी उत्तर माझ्या ओठांवर होतं. (ते खरंही आहे, पण त्या क्षणी बोलले असते तर माझाच कंटाळा आला असता.) मी विचारलं, "काल किती वेळ बसलास?"

"साडेपाच तास."

"पानं किती झाली?"

तो थोडा थांबला. "चार."

"बाकीचा वेळ?"

"संपलं, संपलं, हेच चाललं होतं."

मग मी एलिसचा किस्सा सांगितला. भीती मोडायला एकोणिसाव्या वर्षी हा माणूस बागेत शंभरेक अनोळखी बायकांशी जाऊन बोलला. भेटायला एकच तयार झाली, तीही आली नाही! तेव्हा आता तूही उभा राहा, काहीही समजावून सांग आणि मध्येच मुद्दाम दहा सेकंद अडखळ.

तो अडखळला. कान लाल झाले. कोणीतरी पेनाचं टोपण लावलं, तेवढाच आवाज.

"दहा झाले?" त्याने विचारलं.

"चौदा."

खाली बसून त्याने नवं वाक्य लिहायला घेतलं: 'सगळं आलं तर बरं. अडखळलो तर'. पेन तिथेच थबकलं. मी पुढचं सुचवलं नाही, शेजारच्या मुलीचा कागद हातात घेतला.