उडी शिकवली, उतरणे राहून गेले

खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात मी शारीरिक शिक्षण शिकवते आणि मुलींचा व्हॉलीबॉल संघ सांभाळते. दोन वर्षांपूर्वी एका सामन्यात आमची नववीतली स्मॅशर नेटजवळ उंच उडाली, एका पायावर उतरली आणि तशीच खाली बसली. तिला कोणाचाही धक्का लागलेला नव्हता. बेळगावात एमआरआय केल्यावर गुडघ्यातील एसीएल, म्हणजे मांडीचे हाड आणि नडगी यांना आतून बांधून ठेवणारा अस्थिबंध, तुटल्याचे कळले. मैदानच खराब होते, असे सगळे म्हणाले. मीही काही दिवस तेच म्हणत राहिले, कारण ते सोयीचे होते.

तिच्या फिजिओथेरपिस्टने मला विचारले, "बाई, मुली खाली कशा येतात ते कधी पाहिलंत का?" पाहिले नव्हते, माझी नजर चेंडूवर असायची. वयात येताना मुलींची उंची आणि वजन झपाट्याने वाढते, पण कंबर व मांडीच्या स्नायूंचा ताबा त्या वेगाने येतोच असे नाही. अशा वेळी गुडघा जवळजवळ ताठ ठेवून उतरणे, तो आत कलणे आणि सगळा भार एकाच पायावर पडणे हे जुळून आले की अस्थिबंधावर नको तेवढा ताण येतो, हे मला तेव्हा प्रथम समजले.

मग सुताराकडून ३० सेंटीमीटर उंचीचा लाकडी खोका करून घेतला. त्यावरून पुढे उडी मारून उतरायचे आणि लगेच जमेल तेवढे उंच उडायचे, अशी ही चाचणी आहे. मोबाइलवर समोरून आणि बाजूने चित्रण करायचे होते, त्यासाठी पालकांची समजूत घालण्यातच एक आठवडा गेला. सलवारीवर गुडघ्याच्या जागी पांढरी पट्टी चिकटवली आणि चित्रण संथ गतीने पाहिले, तेव्हा निम्म्याहून अधिक मुलींच्या पट्ट्या उतरताना एकमेकींकडे सरकत होत्या.

सरावासाठी फुटबॉलपटूंकरिता तयार झालेला 'फिफा ११+' हा सुमारे २० मिनिटांचा कार्यक्रम घेतला. नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलींवरील, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यामुळे एकूण दुखापतींचा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी झाला होता. गुडघ्यांवर बसून, जोडीदारणीने घोटे धरून ठेवलेले असताना सावकाश पुढे झुकण्याच्या व्यायामाने पहिल्या आठवड्यात मुली बाकावर बसतानाही कण्हत होत्या. मुली कंटाळल्या आणि चेंडू कधी देणार, म्हणून रोज विचारू लागल्या. सूचना मात्र मी दोनच ठेवल्या: आवाज न करता उतरा, आणि गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवा. घरी कन्नड बोलणाऱ्या दोघींसाठी 'मोणकालु ओळगे बरबारदु', म्हणजे गुडघा आत येता कामा नये, हेही शिकले. पुढे पुढे पाठ करून उभी राहिले तरी 'धप्' ऐकून कोण चुकले ते मला सांगता येऊ लागले.

पावसाळ्यात मैदान चिखलाचे होते आणि व्हरांड्यातील फरशी निसरडी, म्हणून तेव्हा उड्या बंद ठेवून फक्त तोल आणि ताकदीचे व्यायाम घेतले.

शस्त्रक्रियेनंतर नऊ महिने उलटल्यावर आमची स्मॅशर चाचणीसाठी आली. एका पायावरच्या लांब उडीत दुखावलेला पाय चांगल्या पायापेक्षा वीतभर मागे राहिला. ती रडली, मी टेप गुंडाळली आणि पुढच्या महिन्याची तारीख वहीत लिहिली.