तीन शिट्ट्यांचं रिटर्न

जुलैचा शेवटचा आठवडा आला की माझी खोली जशी चकाचक असते तशी दिवाळीतही नसते. कारण एकच, इन्कम टॅक्सचं रिटर्न भरायचं असतं. ते सोडून बाकी सगळं मी करतो. यंदा पंख्याची पाती पुसली, चपलांचा स्टँड आवरला, डब्यातले स्क्रू साइझप्रमाणे वेगळे केले, त्यातला एक तर इतका गंजलेला की फेकायलाच हवा होता पण म्हटलं असू दे, लागतो कधी कधी.

आता काम बघायला गेलं तर केवढंसं. फॉर्म १६, म्हणजे कंपनीकडून मिळणारा पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा दाखला, मेलवर येऊन पडलेला, पगाराचे आकडे पोर्टलवर आयते भरून येतात, एआयएसमध्ये, म्हणजे टॅक्स खात्याकडच्या आपल्या वर्षभराच्या व्यवहारांच्या यादीत, बचत खात्याचं व्याजसुद्धा दिसतं (मला स्वतःला ते कधीच माहीत नसतं). उशीर झाला आणि उत्पन्न पाच लाखांच्या वर असेल तर ५,००० रुपये लेट फी, हे तोंडपाठ. पण २०२५ ला रिटर्नची ३१ जुलैची शेवटची तारीख १५ सप्टेंबर झाली आणि १५ ला रात्री अजून एक दिवस वाढवून मिळाला ना, तेव्हापासून सवय बिघडली ती बिघडलीच.

उपाय नाही केले असं नाही हं. पोमोडोरो नावाच्या, टायमर लावून काम करायच्या पद्धतीबद्दल वाचलं. फ्रान्चेस्को चिरिलो नावाचा इटालियन माणूस कॉलेजात असताना टोमॅटोच्या आकाराचा किचन टायमर लावून अभ्यासाला बसायचा, २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं सुट्टी. मी त्याचं ॲप टाकलं, मग दुसरं टाकलं, मग कुणाची घंटी जास्त बरी वाजते हे ठरवण्यात रविवार गेला.

शेवटी काम झालं ते आईमुळे. "डाळ लावलीय, तीन शिट्ट्या झाल्या की बंद कर, चौथी होऊ देऊ नकोस," असं सांगून ती खाली भाजी आणायला गेली. आता कुकर सोडून कुठे जाणार? मोबाइल आतल्या खोलीत चार्जिंगला. लॅपटॉप ओट्यावर ठेवला, म्हटलं भरायचं वगैरे नाही, नुसतं लॉगिन करून बघू. शिट्टी फुरफुरायला लागली तोवर पॅन, पासवर्ड झालं. पहिली झाली तेव्हा पगार तपासत होतो. दुसरीला जुन्या एफडीचं व्याज सापडलं, मग त्यात असा घुसलो की तिसरी ऐकूच आली नाही, चौथी मात्र स्पष्ट आली.

आई आली, झाकण उघडलं, पळी फिरवली. "चार झाल्या ना रे?"

"हो, पण रिटर्न भरून झालं!"

म्हणजे सबमिट झालं. ई-व्हेरिफाय, म्हणजे ते मीच भरलंय याची ऑनलाइन खात्री, राहिलंय, त्याला आधारचा ओटीपी लागतो आणि मोबाइल आत होता. पण त्याला ३० दिवस असतात.