मागे बसलेला रॉक बँड

फ्यूजनच्या, म्हणजे दोन वेगळ्या परंपरांचे वादक एकत्र बसवलेल्या, मैफलीचं आमंत्रण आलं की मी आधी धास्तावते. तिथला क्रम आता पाठ झालाय: एकमेकांना नमस्कार, मग सवाल-जवाब, मग चढती लय, आणि तिहाई पुरी व्हायच्या आत टाळ्या. दोघं मिळून काही सांगताहेत की एकमेकांना दमवताहेत, तेच कळत नाही.

'अली' हा अल्बम मात्र मी सकाळी भाजी निवडताना लावते, आणि हे कौतुकानंच सांगतेय. २०२२ साली तो आला. गाणारा आणि गिटार वाजवणारा पश्चिम आफ्रिकेतल्या मालीचा व्यू फारका तुरे. सोबतीला टेक्सासचं ख्रुआंगबिन हे त्रिकूट, सायकेडेलिक रॉकच्या धुंद, घुमणाऱ्या सुरावटींसाठी नावाजलेलं. गाणी व्यूच्या वडिलांची, अली फारका तुरे यांची.

अली नायजर नदीकाठच्या निआफुंकेचे. जगभर नाव झालं तरी स्वतःला शेतकरीच म्हणवून घ्यायचे. अखेरच्या वर्षांत गावचे महापौरही झाले. आईची आधीची मुलं वाचली नव्हती, म्हणून या मुलाला 'फारका', म्हणजे गाढव, असं टोपणनाव पडलं. आपले धोंडू, दगडू, केरबा असेच तर जगले.

या अलींना मुलानं संगीतात पडायला नको होतं. त्या धंद्यातली लबाडी त्यांनी पाहिली होती. पोरानं सैन्यात जावं, असं त्यांना वाटे. व्यू चोरून गिटार शिकला. पुढे कोरा हे तिकडचं तंतुवाद्य वाजवणाऱ्या तुमानी दियाबातेंनी रदबदली केली, वडील विरघळले आणि मुलाच्या पहिल्या अल्बमवर त्यांनी स्वतः वाजवलंही. २००६ मध्ये ते गेले.

एरवी व्यूची गिटार काही लाजरीबुजरी नाही. लोक त्याला सहाराचा हेंड्रिक्स म्हणतात, त्या आक्रमक अमेरिकी रॉक गिटारवादकावरून. इथे तो वडिलांच्या संथ चालीनं जातो. आणि ख्रुआंगबिन? गवयामागचा तबलजी ठेका सोडत नाही, तसे बसलेत. लॉरा लीचा बास मोजक्या स्वरांची एकच ओळ धरून असतो, मार्क स्पीअरची गिटार डोकावते आणि मागे सरते. स्वतःच्या नावावर गर्दी खेचणाऱ्या बँडला हे सोपं नसावं. पण अलींचं संगीतच असं आहे: एक स्वरवाक्य फिरफिरून येतं, आणि त्या फिरण्यातूनच नशा चढते. सायकेडेलिकवाले अ‍ॅम्प्लिफायर आणि इफेक्ट जोडून जे शोधत होते, ते नायजरकाठी आधीपासून होतंच. म्हणून सांधा दिसत नाही.

अमेरिकी गिटारवादक राय कूडरलाही हे उमगलं होतं. १९९४ मध्ये त्यानं अलींबरोबर 'टॉकिंग टिंबक्टू' केला. त्याच्या आदल्याच वर्षी आपल्या मोहनवीणावादक विश्वमोहन भट्टांबरोबरचा त्याचा अल्बम आला होता. दोन्हींना ग्रॅमी मिळालं. समोरचा वाजवत असताना ऐकत बसायची अक्कल त्या माणसाला होती.

तक्रार आहे ती एवढीच, की मधल्या एक-दोन गाण्यांत हा अदबशीरपणा जरा अति होतो. व्यूला कुणीतरी चिमटा काढायला हवा होता. 'टोंगो बारा' सुरू झालं की कसर निघते: ड्रम जागे होतात, बास फंकच्या नाचऱ्या अंगानं उसळतो. असं आणखी एक गाणं चाललं असतं.