तुम्ही विचारलंत म्हणून: माझा चकोर खाली का बघतो?

चित्रासमोर थांबलेला जवळजवळ प्रत्येक जण विचारतो: हा चकोर चंद्राकडे का बघत नाही? दगडांत चोच घालून काय करतोय?

वेचतोय. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात शरदाच्या चंद्रकळेतले कोवळे अमृतकण चकोराची पिल्लं ‘वेचिती’. पितात असं तिथे म्हटलेलं नाही. हिमालयाच्या खडकाळ उतारांवरचा खरा चकोरही दाणे मान खाली घालूनच टिपतो. ओवी आणि पक्षी एकच सांगत असताना मी चोच वर कशाला करू?

दिवसाचा पक्षी रात्री जागा कसा, हेही विचारता. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळता मावळता उगवतो. मी तीच वेळ रंगवतो: क्षितिजालगत निळसर करडा, त्यावर फिकट गुलाबी, चंद्र पिवळट. चांदण्या नाहीत, कारण त्या उजेडात त्या दिसतच नाहीत. ओवीत पौर्णिमा नाही, चंद्रकळा आहे, हे मान्य. ती मोकळीक मी घेतली आहे.

अमृतकण दाखवणं सगळ्यात अवघड. जलरंगाच्या 300 ग्रॅमच्या (चौरस मीटरला) सुती कागदावर चंद्र आणि कण आधी मास्किंग फ्लुइडने झाकायचे, म्हणजे रंग लागू न देणाऱ्या आणि नंतर ओढून काढता येणाऱ्या रबरी द्रवाने. चंद्राला जुना ब्रश, तोही आधी साबणाच्या पाण्यात बुडवलेला, नाहीतर केस चिकटून ब्रश वाया जातो. कणांना टूथपिकचं टोक. मग कागद ओला करून इंडिगोत, म्हणजे गडद निळ्यात, थोडा तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना मिसळून हात फिरवायचा. घात होतो तो पुढे. वरून कोरडा वाटणारा कागद आत ओला असतो. त्या वेळी फ्लुइड ओढलं की कागदाचं सालपट निघतं. त्या जागी रंग शाईसारखा फुटतो आणि चंद्राची कड केसाळ होते. ते दुरुस्त होत नाही. हेअर ड्रायर लावला तर फ्लुइड कागदात मुरून बसतं, दिवसेंदिवस ठेवलं तरी तेच. तळहाताची मागची बाजू टेकवा. गार लागला तर थांबा. उघडल्यावर कड कापल्यासारखी दिसते, ती ओलसर ब्रशने मऊ करायची. आणि कण मोजकेच, चोचीच्या आसपास. जास्त झाले की खडी सांडल्यासारखी दिसते.

पूर्वी मीही मान वर केलेलाच चकोर काढत असे. गळ्याभोवतीचा काळा पट्टा त्यात पूर्ण दिसतो, आणि ओढ म्हणाल तर लांबूनही कळते. खाली वाकलेल्या पक्ष्यात ती सगळ्यांपर्यंत पोचते, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. तरी पुढच्या चित्रातही मान खालीच असेल.